डाव्या सुळ्याचं मानसशास्त्र

नाशिकच्या द्वारका चौकातून सिन्नरला जाणाऱ्या जीपमध्ये माणसं बसत नसत, रचली जात. ड्रायव्हर पुंजाराम या कामात वाकबगार होता. "ताई, जरा तिरकं व्हा... काका, पिशवी मांडीवं घ्या... तुमचा एक पाय बाहेर राहू द्या, वारं लागंल," असं करत करत तो जिथे सहाजण अवघडतील तिथे अकराजण बसवायचा, आणि वर "आजून एकाची जागा हाय," म्हणून हळहळायचा. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातल्या एका कडाक्याच्या सकाळी त्याने दीपमाला गांगुर्डेला मधल्या बाकावर सारलं आणि तिच्या शेजारी एक गृहस्थ रचला. दीपमालाने सहज मान वळवली, दचकून उठायला गेली आणि टपाला डोकं आपटून परत खाली बसली.

शेजारी अमन सागर बसला होता.

हिंदी सिनेमातला. तोच, डाव्या खांद्यावरून मागे वळून अर्ध्या ओठात हसणारा; ज्याच्या त्या अर्ध्या हसण्यापायी निम्म्या देशातल्या मुली गणितात गचकल्या होत्या. तेच कपाळ, तीच हनुवटी, डोळ्यांवर तोच निळसर गॉगल. फक्त अंगात चौकड्यांचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा, आणि पुंजाराम त्याला म्हणत होता, "ओ पगारे, सरका ना तिकडं. रोजचंच झालं तुमचं ऐसपैस बसणं."

जीप निघाली. दीपमाला खिडकीतून बाहेर बघू लागली, म्हणजे खिडकीच्या काचेत शेजाऱ्याचं प्रतिबिंब बघू लागली.

"बघून घ्या," तो समोर बघतच म्हणाला. "चोरून बघितलं की मान अवघडते. सरळ बघितलं तर लवकर उरकतं."

"मी बघत नाहीये," ती म्हणाली. "मी निरीक्षण करतेय."

"दोन्हीत फरक काय?"

"निरीक्षणाला डिग्री लागते."

तो हसला. आणि तो अमन सागरसारखा अर्धा हसला नाही, पूर्ण हसला. त्याबरोबर डावीकडचा एक सुळा, राष्ट्रगीत चालू असताना रांगेतून बाहेर डोकावणाऱ्या विद्यार्थ्यासारखा, पुढे आला. दीपमालाच्या छातीत काहीतरी हललं. मोहदरी घाटाचं वळण असणार, असं तिने ठरवलं. घाट अजून बराच लांब होता.

तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर उतरला. जीप पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, बाकावर त्याचा निळसर गॉगल पडला आहे. पुंजारामला द्यायचा सोडून तिने तो पर्समध्ये टाकला. हे असं का केलं, याचा विचार मात्र तिने केला नाही. आणि ही गोष्ट विशेष म्हणायची. कारण दीपमालाचा व्यवसायच मुळी कोण काय का करतं याचा विचार करण्याचा होता.

सिन्नरच्या कॉलेजात ती तासावर मानसशास्त्र शिकवायची, आणि रविवारी नाशिकच्या एका दैनिकाच्या पुरवणीत 'मनाच्या माजघरात' नावाचं सदर लिहायची. माणसाच्या मनाला एक माजघर असतं, तिथे उजेड नसतो, आपण नको त्या इच्छा तिथे नेऊन कोंबतो आणि मग त्या वेशांतर करून ओसरीवर येतात, असं तिचं म्हणणं. व्हिएन्नाच्या एका दाढीवाल्या डॉक्टरांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. दीपमालाने ते गंगापूर रोडपर्यंत आणलं. सिनेनटी वारंवार केस का कापते, क्रिकेटपटू बॅटिंगला जाताना आकाशाकडे का बघतो, पुढारी हार गळ्यातून लगेच का काढतो – सगळ्याचा तिच्याकडे उलगडा असे. अमन सागरच्या अर्ध्या हसण्यावर तर तिने अख्खा रविवार खर्च केला होता: लहानपणी आईचं अर्धंच प्रेम मिळालेला मुलगा जगाला अर्धंच हसू देतो. लेख गाजला. बायकांना अमन सागरची दया आली आणि त्याचा पुढचा सिनेमा नाशकात जास्त चालला.

घरी मात्र तिच्या शास्त्राला कोणी विचारत नसे. तिची आई कलाबाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची कढी एकदा उतू गेली तेव्हा दीपमाला म्हणाली, "आई, आज मावशी येणार आहे. तुला ती यायला नकोय. दाबलेला राग कढीतून बाहेर पडला."

"राग नाही, कढी बाहेर पडली," कलाबाई म्हणाल्या. "आणि उतू जायला लागली की आधी गॅस बंद करावा बाई. कारणं मागून शोधता येतात."

तर त्या रविवारी 'मनाच्या माजघरात'मध्ये लेख आला: 'उसन्या चेहऱ्याचा माणूस'. नाव अर्थातच नव्हतं.

मंगळवारी जीपमध्ये तो आधीच बसलेला होता. शेजारची जागा रुमाल टाकून धरून ठेवलेली.

"जयभीम, मॅडम," तो म्हणाला. "मी धम्मपाल पगारे. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर. तुमचा लेख वाचला. 'दुसऱ्याचा चेहरा वागवणाऱ्याला स्वतःच्या चेहऱ्याची भीती वाटत असते.' हे माझ्याबद्दल?"

"मी नाव कुठे लिहिलंय?"

"गॉगलचा रंग लिहिलाय. चौकड्या लिहिल्यात. डब्यातून मेथीचा वास येत होता हेसुद्धा लिहिलंय. आमच्या कॅन्टीनला सामुदायिक वाचन झालं. आता स्टोअरमधून काही मागायला आले की म्हणतात, पगारे, बुचं द्या, भिऊ नका."

दीपमालाने चष्मा पुसला. अडचणीत आली की ती चष्मा पुसायची. "तुम्ही... ते करता ना? डुप्लिकेटचं?"

करत होता. ऑर्केस्ट्रात. गणपतीत, जयंतीला, सातपूरला, नांदगावला – जिथे बोलावतील तिथे विग लावून अमन सागर व्हायचा. चेहरा जन्मतःच असा होता, त्याला इलाज नव्हता. "आमच्या आईचं म्हणणं, त्यानेच माझा घेतला," तो म्हणाला.

"आणि गॉगल का विसरलात?"

"खिसा फाटकाय."

"माणूस उगाच काही विसरत नाही, पगारे. जिथे परत यावंसं वाटतं, तिथेच माणूस वस्तू विसरतो. शास्त्र आहे."

"कोणी सांगितलं?"

"व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांनी."

"त्यांच्या शर्टाला खिसा होता का?"

पुढच्या बाकावरच्या भाजीवाल्या आजीबाई फिस्सकन हसल्या. दीपमालाने गॉगल पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आठवडाभर पर्समध्येच होता?" त्याने विचारलं. "पुंजारामकडे नाही ठेवलात?"

"विसरले," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.  पण धम्मपाल हसत होता हे तिला न बघताही कळत होतं... बहुतेक पूर्ण.

मग असं होऊ लागलं की, दीपमालाचा तास दहाचा असला तरी ती सातच्या जीपला निघे, आणि धम्मपालची पाळी आठला सुरू होत असली तरी तो फाट्यावर न उतरता सिन्नर स्टँडपर्यंत जाऊन, तिच्याबरोबर चहा घेऊन, उलट्या जीपने परत येई. पुंजारामने त्याला हटकलं नाही. फक्त आता तो त्या दोघांना मधल्या बाकावर रचताना अधिक कसोशीने रचू लागला.

चहा पिताना ती त्याला समजावून सांगे की, अमुक नटी प्रत्येक मुलाखतीत आईला का बरोबर नेते; आणि तो कपाकडे बघत म्हणे, "गाडी आई चालवत असेल." ती म्हणे, चहात बिस्किट बुडवून पडू देणारा माणूस मुळात हरायला उत्सुक असतो. तो म्हणे, बिस्किटच तसं असतं. आणि पडलेलं बिस्किट तो चमच्याने काढून इतक्या मायेने खाई की, तिला पुढचा मुद्दा आठवत नसे.

एका संध्याकाळी ती सातपूरला त्याचा कार्यक्रम बघायला गेली. तो मंचावर आला, डाव्या खांद्यावरून वळला, अर्धा हसला आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला. दीपमालाला जांभई आली. तिने ती शास्त्रीय पद्धतीने दाबली. कार्यक्रमानंतर मंडपामागे धम्मपाल विग काढून, घामेजल्या केसांनी भेळ खात उभा होता.

"मंचावर अर्धंच का हसता?" तिने विचारलं.

"त्याचा दात सरळ आहे. पूर्ण हसलो तर फजिती."

"अच्छा... म्हणजे तुम्ही दडपता."

"दडपतो. आता तुमच्यासमोर नाही दडपत." आणि तो पुरीचा तुकडा चावत हसला. तेव्हा पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो वाकडा सुळा चमकला आणि दीपमालाच्या हातातला भेळेचा कागद कलंडला. घाट इथे कुठेच नव्हता.

तिने घरी येऊन कबूल केलं – स्वतःशी – की आपण प्रेमात पडलो आहोत. आता एखादी साधी मुलगी एवढ्यावर खूश झाली असती. दीपमालाने कारण शोधायला घेतलं.

आणि कारण तिला दुसऱ्याच दिवशी सापडलं. संक्रांतीसाठी काळी साडी काढायला तिने जुनं लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, बांगड्यांच्या खिळ्याखाली, कडा पिवळ्या पडलेला अमन सागर तिच्याकडे वळून अर्धा हसत होता. नववीत चिकटवलेला. तेव्हा ती त्याला रोज सकाळी 'येते हं' म्हणून शाळेत जायची.

ती खाली पाटावरच बसली. सगळं लख्ख दिसलं. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं: जुन्या माणसावरचं प्रेम आपण आपल्या नकळत नव्या माणसाच्या नावावर चढवतो. शेतजमिनीचा फेरफार होतो ना, तसा. सातबाऱ्यावर नाव धम्मपाल पगारेचं, पण मूळ मालक कपाटाच्या दारावर! म्हणजे ते प्रेम नव्हतंच. ती नववीतली निव्वळ वेडगळ मुलगी होती, जी दोन वेण्या घालून अजून माजघरात बसली होती.

नेमकं त्याच दिवशी धम्मपाल चहाच्या टपरीवर जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "एक विचारायचंय."

कॉलेज रोडला साड्यांचं पाच मजली दालन उघडणार होतं. उद्घाटनाला खुद्द अमन सागर येणार होता. गर्दी आवरणार नाही म्हणून त्याच्या मॅनेजरने युक्ती काढली होती: समोरच्या दाराने डुप्लिकेटला उघड्या गाडीतून आणायचं, लोक तिकडे धावतील, आणि खरा मागच्या गोदामातून शांतपणे आत येईल. त्यासाठी धम्मपालला निवडलं होतं. आणि त्याला बघून मॅनेजर इतका खूश झाला होता, की त्याने मुंबईला कायमचं यायला सांगितलं होतं. अमन सागरचा चोवीस तासांचा डुप्लिकेट म्हणून. लांबून घ्यायची दृश्यं, पाठमोरी दृश्यं, परदेशचे दौरे.

"फक्त एक अट आहे," धम्मपाल म्हणाला. "सुळा काढून तिथे सरळ बसवायचा. त्यांचा डॉक्टर तयारच आहे. उद्घाटन झालं की लगेच." तो कपातल्या चहाकडे बघत होता. "म्हणून विचारतो... काढू, की ठेवू?"

हा प्रश्न दाताचा नव्हता, हे कळायला दाढीवाल्या डॉक्टरांची गरज नव्हती. टपरीवाल्या धोंडीरामलाही ते कळलं. त्याने स्टोव्हला पंप मारायचं थांबवलं.

दीपमालाने चष्मा काढला. पुसला. परत लावला. आणि मग तिने आयुष्यातली सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत मूर्ख गोष्ट केली – त्याला कपाटाबद्दल सांगितलं. सगळं. नववी, दोन वेण्या, 'येते हं', फेरफार.

धम्मपालने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे," तो म्हणाला, "मी त्या कपाटाच्या दाराचा वारस."

"तसं नाही... मला नक्की माहीत नाही, एवढंच. मला तुमची फसवणूक करायची नाहीये, धम्मपाल. मला... तपासायला वेळ हवा."

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. एरवी त्याने तेवढ्यावर पाच मिनिटं चिडवलं असतं.

"घ्या वेळ," तो उठत म्हणाला. "उद्घाटनापर्यंत घ्या. नाही सांगितलंत तर मी समजून जाईन. मग हा दात तरी नाशकात ठेवून काय करू?"

त्यानंतर तो सातच्या जीपला दिसला नाही. पुंजाराम तिच्या शेजारी खताची पोती रचू लागला.

संक्रांत आली, गेली. दीपमाला तपासत राहिली. ती कपाट उघडून पोस्टरसमोर उभी राही आणि नाडी बघे. नाडी कधी वाढे, कधी वाढत नसे. निष्कर्ष निघत नव्हता. कलाबाई म्हणाल्या, "रोज त्या कपाटाला काय ओवाळतेस? ताप आलाय का?"

"आई, मला एखादा माणूस आवडतोय की त्याचा नुसता चेहरा, हे मला कसं कळणार?"

कलाबाईंनी तिळाचा लाडू वळता वळता थोडा विचार केला. "चेहरा बदलला तर रडू येईल का बघ," त्या म्हणाल्या, आणि पाक कडक व्हायला लागला म्हणून आत गेल्या.

उद्घाटन त्या रविवारी सकाळी होतं. दीपमालाला तिथे जावंच लागणार होतं, कारण संपादकांनी तिच्या सदरासाठी अमन सागरची दहा मिनिटं मिळवली होती. 'अर्ध्या हसण्याबद्दल थेट त्यालाच विचारा,' असा त्यांचा उत्साह. रात्रभर ती जागी होती, आणि पहाटे पहाटे तिला एवढंच ठरवता आलं की आधी धम्मपालला गाठायचं. काय सांगायचं ते अजूनही ठरलं नव्हतं.

कॉलेज रोडवर मुंगीला वाट नव्हती. ती मागच्या गल्लीने गोदामाच्या दाराशी पोचली. सुरक्षारक्षकाने तिचं कार्ड बघून आत सोडलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत साड्यांच्या गठ्ठ्यांची ऊब – तिच्या चष्म्यावर धुकं चढलं. एका मंद दिव्याखाली, गठ्ठ्यावर टेकून, निळसर गॉगल लावून तो एकटाच बसला होता.

"धम्मपाल!" तिचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं, इथेच भेटलात. नाही... बोलू नका. आधी माझं ऐका. मी पंधरा दिवस तपासतेय आणि मला काहीही कळलेलं नाही. म्हणजे शास्त्राने कळलेलं नाही. पण जीपमध्ये पोत्याशेजारी बसून सिन्नरला जाताना इतकं वाईट वाटतं ना..."

 तो तिच्याकडे वळून अर्धा हसला.

"असं नका हसू हो," ती काकुळतीला आली. "ते तुमचं लोकांसाठीचं हसू आहे. मला दात दाखवा."

त्याला कळलं नसावं. तिने चष्मा खसाखसा पुसला, परत लावला, त्याच्यासमोर वाकली आणि स्वतःच्या दातावर बोट ठेवून दाखवलं. "दात! दात!"

तो हसला. पूर्ण हसला. दिव्याच्या उजेडात दोन रांगा चमकल्या – पांढऱ्याशुभ्र, सरळ, वहीतल्या आखणीसारख्या. डावीकडचा सुळा आपल्या भावंडांच्या रांगेत निमूट उभा होता.

दीपमाला त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्या एका दाताकडे बघत होती.

"काढलात?" तिचा आवाज चिरकला. "मला उशीर झाला... तुम्ही काढलात?" आणि मानसशास्त्राची ती प्राध्यापिका साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून, दोन वेण्यांच्या वयातसुद्धा कधी रडली नव्हती अशी, नाक लाल करून रडू लागली.

दार उघडून सफारीतला मॅनेजर धावत आला. "मॅडम, मॅडम! क्या हुआ? सर को परेशान मत कीजिए। दस मिनट आपको बाद में देंगे।"

"सर?" दीपमालाने मान वर केली. "कोण सर?"

"अमन सागर सर! और कौन?"

तिने समोर पाहिलं. गॉगल काढून तो तिच्याकडे बघत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मेकअपखाली चाळिशी उलटलेली, कमरेत दुखतंय म्हणून पाठीशी उशी. नववीपासूनचं दार तिच्यासमोर जिवंत बसलेलं होतं, दोन हातांवर.

"म्हणजे तुम्ही... खरे?" तिने विचारलं. "असली?"

त्याने मान डोलावली.

"हुश्श!" दीपमाला म्हणाली. अमन सागर खरा निघाला म्हणून एवढं हायसं वाटलेली ती देशातली पहिलीच बाई असेल. ती उठून उभी राहिली, पदराने डोळे पुसले आणि हसत सुटली. "देवा... किती बरं झालं तुम्ही तुम्हीच आहात!"

त्याला मराठी येत नव्हतं, पण काहीतरी उमगलं असावं. मॅनेजरने त्याला त्या डुप्लिकेटच्या दाताची भानगड सांगितली असावी. तो हळू आवाजात म्हणाला, "मेरा भी टेढ़ा था। पहली पिक्चर में निकलवा दिया। माँ आज भी मुँह फेर के देखती है, कहती है – वो मेरे वाला कहाँ गया?" आणि मग, अर्ध्या ओठात, "जाइए। वो आगे वाले दरवाज़े पे है।"

दहा मिनिटांची मुलाखत एवढीच झाली. ती कधी छापली गेली नाही.

समोरच्या रस्त्यावर धम्मपाल उघड्या जीपमध्ये उभा होता. आणि जीप कोणाची, तर पुंजारामची, टप काढून झेंडूने मढवलेली. फुलबाजारातल्या सरुबाई टोपलीतली फुलं त्याच्यावर उधळत होत्या. कोणी त्याची एक बाही उपटून नेली होती. तो वळत होता, अर्धा हसत होता, हात हलवत होता, आणि डोळे मात्र गॉगलमागे कुणाला तरी शोधत होते.

दीपमाला गर्दीत शिरली. कोपरं मारत, साडी सावरत जीपपासून काही हातांवर पोचली. पुढे जाता येईना. शेवटी तिने तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज काढला –

"धम्मपाल! दात ठेवा!"

गर्दीने माना वळवल्या. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

धम्मपालने तिला पाहिलं. तो विसरला की तो अमन सागर आहे. तो हसला – पूर्ण, मनापासून, कानापासून कानापर्यंत. आणि डावा सुळा रांगेतून डोकावला.

"आगं बया!" सरुबाई ओरडल्या. "दात वाकडा हे! ह्यो तो नाय! डुप्लिकेट हाय!"

"डुप्लिकेट! खरा मागच्या दाराने येत असणार!" एकच गिल्ला झाला. बघता बघता गर्दी वळली आणि मागच्या गल्लीकडे लोटली. सरुबाईंनी उरलेली फुलं टोपलीत परत भरली आणि त्याही धावल्या. कॉलेज रोडवर उरल्या इतस्ततः पडलेल्या चपला, एक जीप, स्टेअरिंगवर डोकं टेकून हसणारा पुंजाराम, आणि ती दोघं.

धम्मपाल खाली उतरला. विग काढून त्याने बॉनेटवर ठेवला.

"मुंबईची नोकरी गेली," तो म्हणाला.

"...वाईट वाटतंय?"

"वाटेल बहुतेक. संध्याकाळपर्यंत." तो जवळ आला. "मघाशी काय म्हणालात?"

"दात ठेवा."

"नुसता दात?"

दीपमालाने चष्मा पुसायला काढला आणि पुसायचं विसरून हातातच धरला. "दाताबरोबर जे काही येत असेल ते सगळं."

"आणि कपाटाचं दार?"

"आत्ता त्याच्यासमोर उभी होते. मला वाटलं तुम्हीच, आणि तुम्ही दात काढलात... मी रडले, धम्मपाल. खूप रडले. आणि मग कळलं की तो तोच आहे, तुम्ही नाही – तर इतकं हलकं वाटलं... इतकं..."  सगळं शास्त्र शिकून तिला त्या गोष्टीला नाव देता येईना.

 धम्मपालने तिच्या खांद्यावर पडलेली झेंडूची पाकळी उचलली, बघितली आणि खिशात ठेवली. ती खिशातून खाली पडली. खिसा खरोखरच फाटका होता.

पुंजारामने त्यांना दीपमालाच्या कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. सगळी जीप रिकामी होती, तरी त्याने दोघांना एकाच बाकावर दाटीवाटीने बसवलं. "सवय हाय," तो म्हणाला.

दीपमाला उतरून चालू लागली. तेवढ्यात मागून हाक आली, "अहो मॅडम! चष्मा! बाकावरच राहिला तुमचा!"

"राहू दे," ती न थांबता म्हणाली.

"का? खिसा फाटला?"

ती डाव्या खांद्यावरून मागे वळली. समोर सगळं धूसर होतं – जीप, झेंडू, तो. पण तो कसा हसत असेल ते तिला स्पष्ट दिसत होतं.

"साडीला खिसाच नसतो," ती म्हणाली.

घरी ती जिन्याच्या दोन पायऱ्या चुकली, दारात चपलांवर अडखळली आणि कलाबाईंसमोर येऊन उभी राहिली. कलाबाई कढी ढवळत होत्या. त्यांनी लेकीचं लाल नाक पाहिलं, केसांत अडकलेला झेंडू पाहिला आणि रिकामे डोळे पाहिले.

"चष्मा गं?"

"विसरले."

"कुठं?"

दीपमाला नुसती हसली. कलाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, हात लांबवून आधी गॅस बंद केला, मग म्हणाल्या, "चला, त्या दाढीवाल्याचं एक तरी खरं निघालं. उद्या द्यायला येईल ना तो? मग कढी जास्तीची टाकते."